परदेशीं गेल्यावर घरची हांक

प्रवासास निघणाऱ्या माणसाबरोबर शिदोरी द्यावयाची, हें आपल्या घरांतील जुनें वळण आहे. दशम्या, चटणी, लाडू यांच्या डब्याबरोबर वडील माणसें एक सूचनाहि बांधून देत: "पोंचल्याचें कळवा." डब्यांतील जिन्नस दोन दिवसांत संपतात, ही सूचना मात्र घरीं परत येईपर्यंत पाळावी लागते. आज मुलेंमुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं दूरदेशीं गेलीं आहेत, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईबापहि, कधीं बाळंतपणाच्या निमित्तानें, कधीं नातवंडांच्या ओढीनें, विमानांत बसूं लागले आहेत. यवतमाळ जिल्ह्यांत महागांव तालुक्यांतील फुलसावंगी हें आमचें गांव. आमच्या घरींहि असा योग दोनदां आला. निघण्यापूर्वीं आठ दिवस दारांत येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी: "तिकडे गेल्यावर फोनचें काय करणार?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पहिल्या खेपेस पूर्ण चुकविलें आणि दुसऱ्या खेपेस बरेंचसें बरोबर दिलें. दोन्ही खेपांची हकीकत वाचकांपुढें मांडल्यास, ज्यांच्या घरीं पारपत्राची व व्हिसाची धांवपळ चालू असेल त्यांस तिचा उपयोग व्हावा, अशी आमची समजूत आहे.

२०१९ सालीं कन्येकडे म्युनिकला आम्ही उभयतां प्रथमच गेलों. त्या वेळच्या आमच्या फोनांत सिमकार्डासाठीं एकच खांच होती. तिकडे उतरल्यावर दुसऱ्या दिवशीं आम्हीं तेथील एक कार्ड विकत घेतलें. जर्मनींत २०१७ पासून असें कार्ड ओळख पटविल्यावांचून चालू करून मिळत नाहीं. तेव्हां पारपत्र दाखविणें, माहिती भरणें, यांत अर्धा दिवस गेला. शेवटीं इंटरनेट सुरू झालें. आमचें भारतांतील कार्ड कागदाच्या पुडींत बांधून सौभाग्यवतींनीं आपल्या औषधांच्या डबींत ठेवून दिलें. नकाशे दिसूं लागले, घरच्या माणसांचीं तोंडें दिसूं लागलीं. सर्व कांहीं साधलें, असें आम्हांस वाटलें.

तिसऱ्या आठवड्यांत आमच्या वडील बंधूंच्या छातींत दुखूं लागलें. पुतण्यानें त्यांस रात्रींच नांदेडला नेलें. रुग्णालयांत अनामत रक्कम भरावयाची होती. आमच्या घरचा पैसा एकत्र. बँकेचें खातें आमच्या नांवावर, आणि पैसे पाठवितांना बँक जो संकेतांक धाडते, ज्यास सर्व जण ओ.टी.पी. म्हणतात, तो येणार आमच्या फुलसावंगीच्या नंबरावर. तो नंबर तर औषधांच्या डबींत! पुडी शोधण्यांत पाऊण तास गेला. ती सांपडली, कार्ड फोनांत घातलें, तरी संकेतांक येईना. कारण परदेशांत कार्ड चालण्यासाठीं लागणारी रोमिंगची सोय निघण्यापूर्वीं सुरू करून घ्यावयास हवी होती, ती आम्हीं घेतलीच नव्हती. नांदेडला तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटीं पुतण्यानें गांवांतील एका शेजाऱ्यांस फोन करून उठविलें, आणि ते गृहस्थ घरांतील रोकड घेऊन त्याच रात्रीं नांदेडला पोंचले. बंधू बरे झाले. शेजाऱ्यांचे पैसे आम्हीं फेडले. त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहींत.

त्या रात्रीं चूक फोनची नव्हती, कीं बँकेची नव्हती. परदेशचें इंटरनेट मिळविण्याच्या भरांत आम्हीं आपल्याच घराचा दरवाजा आंतून लावून घेतला होता. म्हणून २०२४ सालीं कन्येच्या बाळंतपणासाठीं पुन्हां म्युनिकला जाण्याचें ठरलें तेव्हां आम्हीं पुतण्यास प्रथम एवढेंच सांगितलें, "इंटरनेट मागाहून पाहूं, घरचा नंबर फोनांतून बाहेर निघणार नाहीं असें कांहीं कर." तो म्हणाला, "काका, मग इ-सिम घ्या." त्या शब्दाची आमची ओळख अशी झाली.

आधीं सिम म्हणजे काय तें पाहूं. फोन हें नुसतें यंत्र. तो कोणाचा, कोणत्या कंपनीचा ग्राहक, हें सांगणारी खूण सिमकार्डांत असते. त्यांत एक ओळख-क्रमांक व एक गुप्त किल्ली साठविलेली असते. मनोऱ्याकडून विचारणा झाली कीं त्या किल्लीच्या साहाय्यानें कार्ड आपली ओळख पटवितें. योगायोग असा कीं, पहिलें सिमकार्ड १९९१ सालीं ह्याच म्युनिक शहरांतील गीझेके आणि डेव्रिएंट ह्या कंपनीनें फिनलंडमधील रेडिओलिन्या कंपनीसाठीं तयार केलें. आरंभीं त्याचा आकार बँकेच्या कार्डाएवढा होता. पुढें कमी होत होत तो नखाएवढा झाला. २०१६ सालीं मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनें सामान्य ग्राहकांच्या उपकरणांसाठीं इ-सिमचे नियम ठरविले, आणि पुढील एकदोन वर्षांत तशा सोयीचे फोन बाजारांत आले. २०२२ पासून अमेरिकेंत विक्रीस आलेल्या नव्या आयफोनांत तर कार्डाची खांचच राहिली नाहीं.

इ-सिमच्या फोनांत एक चिप कायमची बसविलेली असते. कार्ड घालावयाचें वा काढावयाचें नाहीं. ओळख-क्रमांक व किल्ली यांची जोडी कंपनीकडून इंटरनेटद्वारां, कुलूपबंद रूपांत, त्या चिपमध्यें उतरवून घ्यावयाची. ह्या जोडीस प्रोफाइल असें म्हणतात. त्यामुळें घरचें कार्ड आपल्या खांचेंत तसेंच राहतें आणि परदेशचें इंटरनेट त्याच्या शेजारीं येऊन बसतें. एका वाड्यांत दोन चुली मांडाव्यात तशी ही व्यवस्था आहे. एकीवर घरचा नंबर, दुसरीवर इंटरनेट. एका चुलीचें सरपण दुसरीला जाऊं नये, एवढी दक्षता मात्र यजमानानें घ्यावयाची.

येथें कोणी विचारील कीं, फुलसावंगीच्या नंबरावरचा संदेश म्युनिकला पोंचतो कसा? गांव सोडतांना आपण टपाल कचेरींत नवा पत्ता देऊन ठेवतों, तसाच हा प्रकार आहे. आपलें कार्ड तिकडील मनोऱ्यास भेटलें कीं तिकडील कंपनी आपल्या भारतांतील कंपनीस कळविते कीं, तुमचा अमुक ग्राहक आमच्या मुलखांत उतरला आहे. मग इकडे आलेला संदेश तिकडे धाडला जातो. त्यासाठीं दोन्ही कंपन्यांमध्यें करार हवा आणि आपल्या कार्डावर रोमिंगची सोय चालू हवी. परदेशांत असतांना आलेल्या साध्या लेखी संदेशांस बहुधा आकार पडत नाहीं. आलेला फोन उचलल्यास मात्र पडतो, आणि तो थोडाथोडका नसतो. निघण्यापूर्वीं आपल्या कंपनीचे दर विचारून घेणें हेंच श्रेयस्कर.

परदेशांत इंटरनेट मिळविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, आपल्याच भारतीय कंपनीची रोमिंगची योजना घेणें. हा सर्वांत सोपा. कांहींच बदलावें लागत नाहीं, शिवाय बोलण्याची सोयहि मिळते. चारआठ दिवसांच्या यात्रेस तो पुष्कळदां बरा पडतो; महिना-दोन महिने राहावयाचें असल्यास खर्च वाढतो. दुसरा, तिकडील कार्ड तिकडेच विकत घेणें. दीर्घ मुक्कामास हें स्वस्त पडतें आणि तिकडील नंबरहि मिळतो. परंतु परक्या भाषेंत अर्ज भरावे लागतात आणि एकाच खांचेचा फोन असल्यास आमच्यासारखी फजिती होते. तिसरा मार्ग प्रवासी इ-सिमचा. तें घरीं बसून घेतां येतें आणि विमानतळावर उतरतांच चालू होतें. तें बहुधा केवळ इंटरनेटसाठींच असतें. त्याला साध्या बोलण्याचा नंबर नसतो. परंतु व्हॉट्सॲप आपल्या जुन्याच नंबरावर चालू राहत असल्यामुळें कुटुंबवत्सल माणसाचें कांहीं अडत नाहीं.

आतां तयारीसंबंधीं. सर्वच फोन इ-सिम घेणारे नसतात. फोनवर *#०६# असे आंकडे दाबले असतां जी यादी दिसते, तींत ई.आय.डी. ह्या नांवाचा लांबलचक क्रमांक असल्यास तो फोन इ-सिम घेणारा समजावा. फोन एखाद्याच कंपनीशीं बांधलेला नाहीं, हेंहि पाहावें. परदेशीं सिम विकण्यासाठीं आपल्याकडे सरकारच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागते. २०२४ च्या जानेवारींत परवानगीवांचून इ-सिम विकणाऱ्या दोन परदेशी कंपन्यांचीं संकेतस्थळें भारतांत बंद करण्याचा आदेश त्या विभागानें दिला. म्हणून परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

खरेदी झाल्यावर चौकटीचौकटींचें एक चित्र येतें, तेंच क्यू.आर. कोड. तें फोनच्या कॅमेऱ्यानें टिपावयाचें असतें. पण ज्या फोनवर तें आलें त्याच फोननें तें टिपणार कसें? नव्या कांहीं फोनांत ह्याला वाट आहे. आम्हीं मात्र तें कागदावर छापून घेतलें. हा कोड बहुधा एकदांच चालतो. प्रोफाइल एकदां पुसलें कीं तोच कोड दाखवून पुन्हां मिळेल असें धरून चालूं नये. म्हणून घरचें वाय-फाय नीट चालत असतांना, कोणी समजदार माणूस शेजारीं बसवून, निघण्याच्या एकदोन दिवस आधीं हें काम उरकावें. योजनेची मुदत प्रोफाइल उतरविल्यापासून मोजतात, कीं परदेशच्या मनोऱ्यास प्रथम जोडल्यापासून, हें आधीं वाचावें. पहिला प्रकार असल्यास निघण्याच्या दिवशींच तें उतरवावें.

प्रोफाइल उतरलें कीं फोन त्याला नांव विचारतो. आम्हीं जुन्या कार्डास "घर" आणि नव्यास "प्रवास" अशीं नांवें दिलीं. त्यामुळें पुढील सूचना सौभाग्यवतींसहि पाठ झाली: इंटरनेट "प्रवास"चें, बोलणें व संदेश "घर"चे. "प्रवास"चें डेटा रोमिंग चालू ठेवावें लागतें, कारण तें कार्ड बहुधा तिसऱ्याच देशांतील कंपनीचें असतें व म्युनिकमध्यें तेंहि पाहुणेंच असतें. "घर"चें डेटा रोमिंग मात्र आठवणीनें बंद ठेवावें. एका कार्डाचें इंटरनेट मंद झालें कीं दुसऱ्यावर आपोआप जाण्याची जी मुभा कांहीं फोनांत असते, तीहि काढून टाकावी. न कळत मोठें बिल येतें तें बहुधा ह्या दोन ठिकाणांहून.

किती डेटा घ्यावा, ह्याविषयींहि लोक घाबरतात. वस्तुतः मुक्काम मुलीकडे असल्यास तिच्या घरीं वाय-फाय असतेंच. समोरासमोर बोलणें, चित्रपट पाहणें, छायाचित्रें पाठविणें हीं खर्चिक कामें तेथें करावीं. बाहेर पडल्यावर नकाशा, गाडीची वेळ, परकी पाटी वाचून दाखविणारें भाषांतर व एखादा निरोप, एवढ्यास लहानशी योजना पुरते. छायाचित्रें आपोआप साठविणें व ॲप आपोआप नवीं होणें बंद करावें, आणि शहराचे नकाशे घरींच फोनांत उतरवून ठेवावे. म्हणजे इंटरनेट गेलें तरी रस्ता दिसत राहतो.

एवढी तयारी करूनहि आम्ही एके ठिकाणीं चुकलोंच. कन्या सुखरूप बाळंत झाली. सौभाग्यवती बाळबाळंतिणीच्या सेवेंत गुंतल्या. जून महिन्यांत एक दिवस झुरिकला नोकरी करणाऱ्या दुसऱ्या पुतण्यास भेटण्यासाठीं आम्ही एकटेच आगगाडीनें निघालों. ही गाडी म्युनिकहून लिंडाव व ऑस्ट्रियांतील ब्रेगेन्झ ह्या मार्गानें स्वित्झर्लंडांत शिरते. ऑस्ट्रियांत इंटरनेट ठीक चालत होतें. ऱ्हाईन नदी ओलांडली आणि तें बंद पडलें. योजनेवर "युरोप" असें लिहिलेलें पाहून आम्हीं सारें युरोप त्यांत आलें असें धरलें होतें. खालीं देशांची यादी होती, ती वाचलीच नव्हती. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघांतील एका देशाचें कार्ड संघाच्या दुसऱ्या देशांत जादा रोमिंग-आकाराशिवाय चालतें. स्वित्झर्लंड त्या संघांत नाहीं, त्यामुळें पुष्कळशा योजनांतून तो देश वगळलेला असतो.

परक्या मुलखांत, भाषा येत नाहीं, जवळ कोणी नाहीं, अशा वेळीं छातींत धस्स झालें, हें सांगण्यास संकोच कसला? पण पुतण्यानें भेटण्याची जागा सांगितली होती ती कागदावर लिहिलेली होती, आणि नकाशा फोनांत उतरविलेला होता. एवढ्यांत फोन वाजला. इंटरनेट गेलें तरी "घर"चें कार्ड स्विस मनोऱ्यास जोडलें गेलें होतें, आणि त्यावर वडील बंधूंचा साधा लेखी निरोप आला होता: मृगाचा पाऊस झाला आहे; बियाण्याचे पैसे आजच भरावयाचे आहेत. झुरिकच्या स्थानकावर पुतण्या भेटला, त्यानें आपल्या फोनचें इंटरनेट आम्हांस वांटून दिलें, आणि फलाटावरच आम्हीं पैसे पाठविले. बँकेचा संकेतांक आमच्या फोनवर आला, तो आम्हीं स्वतःच भरला. कोणास सांगावा लागला नाहीं. पांच वर्षांपूर्वींची नांदेडची रात्र त्या वेळीं आम्हांस आठवल्यावांचून राहिली नाहीं.

संकेतांकाची गोष्ट निघाली म्हणून एक इशारा. "तुमचें कार्ड इ-सिम करून देतों" असें फोनवर गोड बोलून, आलेला संकेतांक विचारून घेऊन, माणसाचा नंबरच आपल्या फोनवर ओढून नेणारे ठक आज देशांत आहेत. नंबर गेला कीं बँकेचे संकेतांक त्यांच्या हातीं पडतात. घरचें कार्ड इ-सिम करावयाचें झाल्यास तें कंपनीच्या दुकानांत जाऊन वा तिच्या स्वतःच्या ॲपवरूनच करावें, आणि आपला क्यू.आर. कोड कोणासहि पाठवूं नये. घरचा फोन अकस्मात् मुका झाला तर त्याच घटकेस कंपनीस व बँकेस कळवावें.

आपल्या आधींच्या पिढ्यांनीं हा विरह कसा सोसला असेल? १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचल्या. त्यांचे यजमान गोपाळराव स्वतः टपाल खात्यांत नोकरीस. तरी पत्नीचें कुशल कळण्यास त्यांनाहि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. १९२७ सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारें इंग्लंडशीं बिनतारी तारायंत्र सुरू झालें. १९३३ सालीं इंग्लंडशीं प्रत्यक्ष बोलण्याची सोय झाली, तीहि मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती. आज खेड्यांतील आजी म्युनिकच्या पाळण्यांतील पणतू पाहते. सोय एवढी वाढली कीं आतां उलट दोष संभवतो: दर घटकेस फोन, आणि एक फोन लागला नाहीं कीं घरभर काळजी.

म्हणून आम्हीं घरांत दोन नियम केले. उन्हाळ्यांत जर्मनीचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेतीन तास मागें असतें. इकडे रात्रीं साडेआठ ही बोलण्याची वेळ ठरली, तेव्हां तिकडे पांच वाजलेले असत. मातोश्री, बंधू, वहिनी, मुलें सर्व जण एकत्र बसत. एरवीं कोणी कोणास छळावयाचें नाहीं. परंतु "घर"च्या नंबरावर लागोपाठ दोनदां घंटा वाजली तर तांतडी समजावी. शिवाय बँकेच्या खात्यांत पुतण्याचें नांव आमच्या जोडीस घातलें, आणि अडीअडचणीची कांहीं रक्कम घरीं ठेवली. फोन कितीहि चांगला असला तरी तो पडतो, हरवतो, त्याची बॅटरी संपते. घराचें सगळें ओझें एकाच खुंटीवर टांगूं नये.

परत आल्यावर पुतण्यानें "प्रवास" बंद केलें. मग आम्हीं सर्व सूचना एका कागदावर लिहून काढल्या: ई.आय.डी. पाहणें, रोमिंगची सोय, देशांची यादी, मुदत, दोन नांवें, उतरविलेले नकाशे, कागदावरचे पत्ते. तो कागद आमच्या देवघराशेजारच्या कपाटाच्या दारास आंतून चिकटविलेला आहे. परवां आमची धाकटी पुतणी, जी आतां शिक्षणासाठीं परदेशीं निघाली आहे, त्याची नक्कल करून घेत होती. यादीच्या शेवटीं तिनें आपल्या हातानें एक ओळ वाढविली. आम्हीं चष्मा लावून पाहिली, तर लिहिलें होतें: "पोंचल्याचें आजीला आधीं कळविणें."